फळी धरणारा माणूस

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. आईची काळजी करू नका हे आधीच लिहिते, नाहीतर तुम्ही अर्धं पत्र वाचून पिशवी भरायला घ्याल. आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि नीट पार पडली. आता ती खोलीतल्या बाकीच्या बायकांना हुकूम सोडायला लागली आहे, म्हणजे तब्येत सुधारते आहे. पंचवीस तारखेला घरी सोडतील. पुढचे काही महिने चाकाच्या खुर्चीत काढावे लागतील.

अडचण घराची आहे. पुढच्या दाराला सात पायऱ्या, तिथे काही करता येणार नाही. मागच्या दाराला दोनच आहेत, मिळून एक फूट उंची. तिथे बारा फुटांचा लाकडी उतार केला की खुर्ची सरळ आत येईल आणि चढही अंगावर येणार नाही. दिवसभर ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे काढते, त्यामुळे आपला नकाशा एका संध्याकाळी झाला. सुतार मात्र एप्रिलची तारीख देतोय. तोवर आईला काय गाठोड्यासारखी उचलून न्यायची? म्हणून ठरवलं, आपणच करायचं. लाकूड आणलं आणि हातकरवतीने एक फळी कापली. पाऊण तास लागला, आणि कापलेली कड बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, घरात उंदीर झालेत का.

तुमचं ते गोल पात्याचं विजेचं हातमशीन अजून आहे ना? पाठवाल का?

बाबांना विचारलं. ते म्हणाले, ते मशीन या घरात नको. बस, एवढंच. तो अपघात झाला तेव्हा मी वसतिगृहात होते, मला इतकंच माहीत आहे की बाबांच्या हातून फळी सुटली आणि तुमची दोन बोटं गेली. अकरा वर्षं झाली. तुम्ही येता ते बाबा घरात नसतील ती वेळ बघून, आणि तुमचं नाव निघालं की बाबांना बाहेर काहीतरी काम आठवतं. मी तुमचं भांडण सोडवायला लिहीत नाहीये, ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त मशीन हवंय.

आणि गंमत ऐका. खुर्ची कोण ढकलणार विचारलं तर बाबा म्हणतात, बाई ठेवू, माझ्या पकडीचा भरवसा नाही. इतकी वर्षं बसचं स्टिअरिंग धरलेला माणूस! आळस, दुसरं काय.

आपल्याकडे फोन नाही आणि असता तरी तुम्हाला ऐकू आला नसता, म्हणून पत्रच. उत्तर लवकर द्या.

तुमची,
खारूताई


७ फेब्रुवारी

चि. खारूताई,

अनेक आशीर्वाद. पिशवी काढलीच होती. तुझी पहिली ओळ वाचून परत खुंटीला लावली. ताईला सांग, हुकूम सोडत राहा, हाड लवकर जुळतं.

मशीन आज मालमोटारीने रवाना केलं. पेटी मी उघडलेली नाही. अकरा वर्षांत उघडली नाही, आता कशाला उघडू. बोटं गेली त्याच आठवड्यात पातं नवं बसवलेलं होतं, धार असेल.

आता नीट वाच. कागदावर उतार काढणं वेगळं आणि फळीला पातं लावणं वेगळं. कागद उलटून अंगावर येत नाही. ओढणी, बांगड्या, सैल बाह्या, सगळं घरात ठेवून यायचं. केस घट्ट बांध. चष्मा डोळ्यांवर, कापसाचे बोळे कानांत. माझ्या कानांची काय अवस्था झाली ती बघतेसच. तेव्हा बोळे घातले असते तर आज तुझ्याशी फोनवर भांडता आलं असतं. वायर पाठीमागून खांद्यावरून घे, म्हणजे पात्याच्या वाटेत येणार नाही. पात्याला किंवा त्याच्या आसपास हात लावायचा असेल तर आधी प्लग काढायचा. बटण बंद केलंय, आता काय होतंय, असं मनात आलं की समज, काहीतरी होणार.

पातं फळीच्या जाडीपेक्षा जेमतेम बोटाच्या अर्ध्या पेराएवढंच खाली ठेव. दोन्ही हात मशीनवर. उभं राहायचं ते बाजूला सरकून, पात्याच्या रेषेत मागे नाही. बटण दाबलं की पात्याला पुरता वेग घेऊ दे, मग लाकडाला लाव. अडकलं तर ओढाओढी न करता बटण सोड. आणि पातं पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नकोस. घाई झाली असेल तर त्या दिवशी कापूच नकोस, चहा पी.

सगळ्यात महत्त्वाचं. फळी कुणाला धरायला लावू नकोस, माणूस कितीही घरचा असला तरी. फळी लाकडी पायांच्या घोडीवर ठेव, क्लॅम्पने आवळ आणि कापून निघणारा तुकडा मोकळा ठेव. तो आपसूक खाली पडला पाहिजे. तुकडा पडला की कापाची चीर उघडते आणि पातं सुटं राहतं. तोच तुकडा कुणी वर उचलून धरला की चीर मिटते, पातं आवळलं जातं आणि अख्खं मशीन उसळी मारून तुझ्याकडे येतं. लहान तुकडा वाया गेला तर जाऊ दे.

दाजींना माझा नमस्कार सांगायचा की नाही, ते घरातली हवा बघून तूच ठरव.

तुझा,
मामा


१५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पेटी काल आली. तिच्यावर तुम्ही इतक्या दोऱ्या बांधल्यात की त्या सोडवण्यातच माझा निम्मा सराव झाला.

तुमचं पत्र मी भिंतीवर चिकटवलंय. बाबांनी ते चष्मा लावून उभ्याउभ्या वाचलं. "फळी कुणाला धरायला लावू नकोस" या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अजून विसरला नाही तो," आणि चपला घालून बाहेर गेले. जेवायलाही उशिरा आले. तुमचा नमस्कार सांगायचा बेत मी रद्द केला. इतका कसला राग धरायचा तो, मामा? तुमची बोटं गेली, राग तुम्ही धरायचा. यांचं उलटंच.

मशीन हातात घेऊन पाहिलं, प्लग न लावता. वजनदार आहे, पण मूठ छान आहे. पातं खालून अख्खं उघडं दिसतं, त्यामुळे आखलेल्या रेघेवर ठेवायला सोपं जाईल. पेटीच्या तळाशी मशीनची छोटी पुस्तिका सापडली. पानं एकमेकांना चिकटलीत. तुमचं एवढं पत्र असताना तिची गरज पडेल असं वाटत नाही.

सोमवारपासून रजा टाकली होती, पण आता उद्यापासूनच घेतलीय. उद्या-परवा घोड्या करून घेते आणि रविवारी सकाळी पहिली फळी कापते. लाकूड सगळं आखून तयार आहे.

तुमची,
खारूताई


तार, १८ फेब्रुवारी

मशीन लावू नकोस. पत्र येत आहे. मामा.


१८ फेब्रुवारी, दुपार

चि. खारूताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. त्यातलं एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पातं खालून अख्खं उघडं दिसतं, असं तू लिहिलंस. ते दिसता कामा नये, बाळा. खाली एक झाकण असतं. मशीन लाकडात शिरताना ते मागे सरकतं आणि बाहेर आलं की स्वतःहून फटकन बंद होतं. तुझ्याकडचं बंद होत नाही, कारण मी तिथे पाचर मारलेली आहे. अकरा वर्षांपूर्वी मारलेली. ती अजून तिथेच आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं नाही म्हणजे मी येऊ दिलं नाही. त्या पेटीचा विचार आला की मी दुसरीकडे बघायचो, तसंच तुला पत्र लिहितानाही केलं. एवढं लांबलचक उपदेशाचं पत्र लिहिलं आणि झाकणाचं नाव काढलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना घेऊन पोस्टात गेलो आणि तुझ्या ऑफिसात फोन करायला लावला. वाटलं, कुणीतरी घरी निरोप पोचवेल, पण तिथला कारकून बाई रजेवर आहेत एवढंच म्हणाला. मग तार केली. तार उद्यापर्यंत तरी पोचेल असं पोस्टातला माणूस म्हणतो. तुझा रविवार उद्याच आहे. माझ्या हातात आता हे पत्र लिहिण्यापलीकडे काही नाही, म्हणून जे अकरा वर्षांत लिहिलं नाही ते लिहितो.

ते झाकण तिरक्या कापाला अडतं, पातळ चिरेला अडतं. सारखं हाताने मागे सारायचा कंटाळा यायचा, म्हणून मी सागवानाची एक पाचर केली. चांगली घासून पुसून, काढायला सोपी जावी म्हणून तिला ओठसुद्धा केला. ती बसवली की झाकण उघडंच राहायचं आणि काम दुप्पट व्हायचं. इतर सुतार बघायला यायचे. मला त्या पाचरीचा अभिमान होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्या दिवशी दाजी सहज दुकानात आले होते. मोठी फळी होती, घोडी मांडायचा कंटाळा. मी म्हटलं, दाजी, ते टोक जरा धरा, वर उचलून धरा, खाली पडू देऊ नका. त्यांनी धरलं. माझा उजवा हात मशीनवर आणि डावा मागे फळीवर टेकलेला. काप संपत आला तशी चीर मिटली, मशीन उसळलं आणि उघड्या पात्यानिशी माझ्या डाव्या हातावरून गेलं. झाकण बंद झालं असतं तर फार तर खरचटलं असतं. मी ओरडलो, "दाजी, सोडलीत ना!" दुकानात चार माणसं होती. सगळ्यांनी ते ऐकलं.

आता मी तुला आधीच्या पत्रात काय लिहिलं ते आठव. तुकडा सुटला असता तर चीर उघडली असती. चीर मिटली, याचा अर्थ दाजींनी फळी सोडली नाही. मी सांगितलं तशी शेवटपर्यंत वर उचलून धरली. हे मला दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. सुताराला ते कळतंच. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं, ताईने विचारलं तेव्हाही तेच. एवढा कारागीर स्वतःच्या पाचरीने बोटं घालवून बसला, हे तोंडातून निघेना. ज्या माणसाने स्वतःचा सदरा फाडून माझा हात बांधला आणि मला दवाखान्यात पोचवलं, त्याच्यावर मी ते ढकललं आणि मग त्याला तोंड दाखवायचं टाळत राहिलो.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. सगळं. आणि देवा, हे पत्र तिच्या हातात पडेल तेव्हा तिचे दोन्ही हात धड असू देत.

मामा


१९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय मामा,

आधी खालची चित्रं बघा. हात कागदावर ठेवून सुताराच्या पेन्सिलीने काढलेत, डावा आणि उजवा. बोटं मोजून घ्या. दहा आहेत.

तुमची तार सकाळी दहाला आली. तोवर माझ्या सहा फळ्या कापून झाल्या होत्या. तुम्ही का घाबरलात ते तुमचं पत्र येईल तेव्हा कळेलच, पण मला अंदाज आहे. शुक्रवारी हात रिकामे होते, म्हणून पुस्तिकेची पानं सुरीने सोडवली. ऑफिसात सही करण्याआधी सगळं वाचायची खोड लागलेली. पहिल्याच पानावर होतं: खालचं झाकण मागे ओढून सोडा, ते झटकन बंद झालं पाहिजे, न झाल्यास मशीन वापरू नका. आपलं होत नव्हतं. टॉर्च मारून पाहिलं तर आत सागवानाची एक छोटीशी पाचर. ती काढली, जुना भुसा ब्रशने साफ केला, आणि आता झाकण असं बंद होतं की छातीत धस्स होतं. तुमच्या दुकानातल्या कुणाचा तरी उद्योग असणार. असला प्रकार तुम्ही कधी खपवून घेतला नसता. पाचर मात्र इतकी सुबक आहे की टाकवेना, खिडकीत ठेवलीय.

आता खरी गोष्ट. मशीन सुरू झालं की बाबा फाटकाबाहेर जाऊन उभे राहत होते, पाठ करून. त्यामुळे तार त्यांच्याच हातात पडली. त्यांनी ती उघडली नाही. तशीच घेऊन आत आले, मागच्या पायरीवर बसले आणि मला हाताने मशीन बंद करायची खूण केली. तार आली की माणसाच्या मनात एकच गोष्ट येते. ते म्हणाले, "गेला तुझा मामा." मग म्हणाले, "अकरा वर्षं म्हणतोय, एकदा जाऊन त्याचा हात हातात घेईन आणि सांगेन, मला वाटतं मी सोडली नव्हती, पण सुटली असेल तर माफ कर. राहिलंच."

मामा, मी मूर्ख. मला वाटत होतं त्यांना राग आहे.

मी तार उघडून वाचली. बाबांनी ती माझ्याकडून घेऊन दोनदा वाचली आणि म्हणाले, "मशीन लावू नकोस म्हणतोय. म्हणजे जिवंत आहे आणि अजून शहाणपणा शिकवतोय." मग नळावर जाऊन खूप वेळ तोंड धुतलं. मलाही रडू आलं आणि हसूही.

मी त्यांना पाचर दाखवली, झाकण कसं बंद होतं तेही दाखवलं, आणि म्हटलं, मामांना याचीच धास्ती असणार. त्यानंतर ते पहिल्यांदा अंगणात थांबले. मी सातवी फळी कापली. तुकडा खाली पडला. त्यांनी विचारलं, "पडला, तरी मशीन उसळलं नाही?" मी तुमच्या पत्रातलं सांगितलं, पडला की चीर उघडते, वर धरला की मिटते. त्यांनी मला एक वाया गेलेला तुकडा पुन्हा कापायला लावला, नुसता बघण्यासाठी. तो पडला. तेव्हा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे सोडली असती तर बरंच झालं असतं." मी काय म्हणून विचारलं, तर म्हणाले काही नाही, आणि चहा टाकायला आत गेले.

त्यांना काय म्हणायचं होतं, तुम्हाला कळतंय का?

तुमची,
खारूताई


२२ फेब्रुवारी

चि. खारूताई,

पंजे मिळाले. तीनदा मोजले. नजर धड नाही म्हणून शिंपीणबाईंकडूनही मोजून घेतले. त्या म्हणाल्या, दहाच आहेत, आता घास खा. चार दिवसांनी आज पोटभर जेवलो.

जीव भांड्यात पडला असं म्हणतात, तो कसा पडतो ते आज कळलं. आणि त्याच पत्रात, असला प्रकार मी खपवून घेतला नसता, असंही तू लिहिलंस. ते वाचून मान खाली गेली. माझं पत्र एव्हाना तुला मिळालं असेल आणि पाचर कुणाची तेही कळलं असेल. पुस्तिका वाचलीस म्हणून वाचलीस. मामाच्या भरवशावर राहिली असतीस तर काय झालं असतं, ते मी लिहू शकत नाही.

दाजींना काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. त्यांचं त्यांना कळलंच होतं, माझं पत्र पोचायच्या आधी. एवढं तरी बरं झालं.

ते काय म्हणाले ते लिही. काहीच म्हणाले नसतील तर तेही लिही.

मामा


२७ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

नमस्कार. पत्रं लिहिण्याची मला सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी म्हणाली, या पत्राचं उत्तर मी लिहिणार नाही, तुम्हीच लिहा. म्हणून बसलो आहे.

तुमचं पत्र तिने मोठ्याने वाचलं. मधेच तिने पत्र माझ्या हातात दिलं, पुढचं मी वाचलं. खोटं कशाला लिहू, मला फार राग आला. तुम्हाला माहीत नसेल, पण त्या वर्षी मी साहेबांना सांगून बस सोडली आणि डेपोत टेबलावर बसलो. घरी सांगितलं, बढती मिळाली. मागे चाळीस माणसं बसलेली असताना स्वतःच्या हातावर शंका घेऊन गाडी चालवता येत नाही. शेजारचं बाळ कुणी हातात द्यायला आलं तर मी पंचाने हात पुसत आत जायचो. अकरा वर्षं. तुमची दोन बोटं गेली, माझे दोन्ही हात गेले होते.

दोन दिवस राग धरला. तो मात्र पक्का धरता आला, सुटला नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या ताईला घरी आणायचं होतं, म्हणून बाजूला ठेवावा लागला, आणि नंतर शोधला तर तितकासा सापडला नाही. तुम्ही गेलात असं समजून मी पायरीवर बसलो होतो, तो अर्धा मिनिट मला आठवतो. त्यापुढे राग काय टिकणार.

उतार पक्का झाला आहे. मुलीने एकेक फळी अशी बसवली आहे की खुर्चीचं चाक कुठे अडकत नाही. बाई ठेवली नाही. खुर्ची मी ढकलली. अर्ध्या चढावर तुमच्या ताईने दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली आणि म्हणाली, "अहो, सोडू नका हं." मी म्हटलं, "मी सोडत नसतो. तुझ्या भावाला विचार, लेखी आहे." ती हसली, मग रडली, मग म्हणाली, आधी आत न्या, थंडी वाजतेय. आता रोज सकाळ-संध्याकाळ मी तिला उतारावरून अंगणात नेतो आणि परत आणतो. दिवसातून दोनदा पुरे असं डॉक्टर म्हणाले. मी चारदा नेतो.

तुमची पाचर खिडकीत आहे. तुम्ही आल्यावर तिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

उताराला एका बाजूचा कठडा राहिला आहे. मुलीची रजा संपली, आणि कठड्याचे सांधे आपल्याला जमणार नाहीत असं ती कबूल करते. लाकूड आखून ठेवलंय. तुम्ही या. फळी मी धरणार नाही, घोडीच धरेल, तुमचाच नियम आहे. मी समोर उभा राहून बघेन.

यायचं ठरलं तर एवढं करा. तार करू नका. नुसते या.

तुमचा,
दाजी